वळवलेल्या पाण्याची वाटणी : तापी पाटबंधारे विकास महामंडळाची वाटचाल

तापी खोऱ्यातल्या पाण्याचा विचार खोऱ्यातच बसून व्हावा, ही खानदेशाची जुनी मागणी १९९७ च्या डिसेंबरात मान्य झाली. तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय जळगावला आले. जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे, पुढच्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, आणि नाशिक जिल्ह्यातला गिरणा-मोसमच्या पाणलोटातला भाग, असा त्याचा मुलूख ठरला. कळवणचा आदिवासी पाडा, मालेगावचा यंत्रमाग, चाळीसगावचा लिंबू, रावेरची केळी आणि शिंदखेड्याचे कोरडवाहू शेत हे सगळे पहिल्यांदा एका कार्यालयाच्या नकाशावर शेजारी शेजारी आले.

महामंडळे निघाली त्याचे कारण खानदेशात नव्हते, कृष्णेत होते. बच्छावत लवादाने दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडवले नाही तर हक्क जाईल, या धास्तीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झाले. रोखे काढून पैसा उभा करायचा आणि धरणे झपाट्याने पुरी करायची, हा त्यामागचा विचार. मग विदर्भ, तापी, कोकण, गोदावरी-मराठवाडा अशी एकेका खोऱ्याची महामंडळे झाली. अध्यक्षपद पाटबंधारे खात्याच्या मंत्र्यांकडे आणि कारभार कार्यकारी संचालकांकडे, ही रचना सगळीकडे सारखीच होती. खानदेशाला मात्र तिची गरज इतरांहून अधिक होती. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली ती विदर्भाला, मराठवाड्याला आणि ‘उर्वरित महाराष्ट्रा’ला. जळगाव-धुळे पडले या ‘उर्वरिता’त, म्हणजे पुणे-सांगली-कोल्हापूरच्या पंगतीत. सिंचनाचा अनुशेष मोजताना पश्चिम महाराष्ट्राचे भरलेले कालवे आणि धुळ्याचे कोरडे नाले यांची सरासरी निघाली आणि त्या सरासरीत खानदेशाची तहान दिसेनाशी झाली. राज्यपालांच्या निधिवाटपाच्या सूत्रात या भागाला स्वतःचा रकाना कधीच मिळाला नाही. हा अन्याय होता आणि आजही तो पुरता मिटलेला नाही. महामंडळाने निदान खोऱ्याचा हिशेब वेगळा मांडायला जागा दिली.

पण महामंडळाचा इतिहास त्याच्या स्थापनेच्या तारखेपासून सुरू केला तर तो अपुरा राहील. पाणी वळवणे आणि वळवलेले पाणी वाटून घेणे, या दोन्ही विद्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षे नांदत होत्या. साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात पांझरेवर एकाखाली एक दगडी बंधारे होते. प्रत्येक बंधाऱ्यातून एक पाट निघे. त्या पाटाखालच्या जमिनीला थळ म्हणत आणि थळाचे तीन-चार फड पाडलेले असत. एका फडात एका हंगामात एकच पीक. या वर्षी ऊस असेल तर पुढच्या वर्षी तिथे दुसरे काही, अशी फेर. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर नुकसान एकट्याच्या वाट्याला येत नसे. देखरेखीला पाटकरी, बारेकरी, हवालदार, जागल्या अशी माणसे गावाने नेमलेली आणि त्यांची मजुरी पिकातून. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचे. सरकारी कायद्यात ‘पाणीवापर संस्था’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी या संस्था खानदेशात चालत होत्या.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक साक्री तालुक्यात दातर्ती येथे होते. पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळातून पलीकडे नेण्याचे ते काम. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी गटपद्धत सुचवली. ठरावीक क्षेत्राला ठरावीक पीक आणि पाण्याची फिरती पाळी ही तिची कल्पना फडाच्या फार जवळची आहे. तरुण अभियंत्याने पांझरेकाठी जे पाहिले ते त्याच्या मनात राहिले असावे, असे मानायला जागा आहे.

फड पद्धतीचे पुढे काय झाले, हे महामंडळाच्या वारशातले कठीण पान आहे. पांझरेवर लाटीपाड्याला आणि कान नदीवर मालनगावला धरणे झाली. वरच्या गावांना पाणी मिळाले, कालवे निघाले, उत्पन्न वाढले. खालच्या बंधाऱ्यांना बारमाही मिळणारा प्रवाह मात्र आटत गेला. धरणाच्या आराखड्यात नव्या लाभक्षेत्राची हेक्टरवार नोंद होती, जुन्या थळांच्या हक्काचा रकाना नव्हता. विहिरी आल्या, मोटारी आल्या, आणि ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी मोजून वाटले होते तिथे ज्याच्या विहिरीला खोली अधिक त्याचे पाणी अधिक असे होत गेले. वर अडवलेल्या प्रत्येक थेंबावर खाली कुणाचा तरी आधीचा हक्क असतो. तो कागदावर नसला तर तो जातो. खानदेशाच्या सगळ्या पाणीयोजनांचा इतिहास याच वाक्याभोवती फिरतो आणि पश्चिमेचे पाणी गिरणेत वळवण्याच्या नार-पार योजनेकडेही मला याच वाक्यातून पाहावेसे वाटते.

गिरणेची कथा याहून मोठी. इंग्रजी राजवटीत चाळीसगाव तालुक्यात जामद्याला बंधारा झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कालवे निघाले. स्वातंत्र्यानंतर नांदगाव तालुक्यातल्या पांझण गावाजवळ गिरणा धरण उभे राहिले आणि १९६९ साली पूर्ण झाले. धरण नाशिक जिल्ह्यात, लाभक्षेत्र मुख्यतः जळगाव जिल्ह्यात. पांझण डावा कालवा, जामदा डावा, जामदा उजवा, खाली दहिगावचा बंधारा आणि त्यावरचा निम्न गिरणा कालवा, एवढ्या वाटांनी ते पाणी चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल, धरणगाव, जळगाव या तालुक्यांत जाते. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी. कागदावर हा आकडा भरघोस दिसतो. पण धरण शंभर टक्के भरल्याची वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच. २००७ नंतर ते पूर्ण भरले ते थेट २०१९ साली. मधल्या वर्षांत कालव्यातून किती आवर्तने सुटतील, रब्बीला पाणी मिळेल की सगळे पिण्यासाठी राखून ठेवावे लागेल, याचीच चर्चा कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत होत राहिली. पाणीमागणीचा नमुना सातचा अर्ज भरून बसलेल्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला धरणाचा टक्का हरभऱ्याच्या भावाइतकाच तोंडपाठ असतो, याचे कारण हेच.

धरण का भरत नाही? पाऊस कमी हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर वरच्या बाजूला आहे. कळवण तालुक्यात चणकापूरचे धरण झाले. मग पुनद नदीवरचे अर्जुनसागर, आरमवर केळझर, मोसमवर हरणबारी. कळवण, बागलाण, देवळा या तालुक्यांनी त्या पाण्यावर कांदा, द्राक्ष, डाळिंब पिकवले, आणि त्यांनी काही चूक केली नाही. ते पाणी त्यांच्याच डोंगरावर पडलेले आहे. मालेगाव शहर वाढले, नांदगावसारख्या गावांच्या पाणीयोजना गिरणा धरणावर आल्या, आणि पिण्याच्या पाण्याचे आरक्षण वाढत गेले. पाऊस चांगला झाला तर वरची धरणे भरून पाणी खाली येते. तोकडा झाला तर वरचीच कशीबशी भरतात. मग चणकापूरमधून नदीत आवर्तन सोडायची वेळ येते, सोडलेले पाणी काठावरच्या मोटारींनी वाटेत उचलले जाते, आणि दोन जिल्ह्यांचे लोक एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. नगर-नाशिक आणि जायकवाडीचा वाद राज्यभर गाजला. गिरणेचा वाद त्याच जातीचा आहे, फक्त त्याला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

१९९९ साली दुसऱ्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल आला. अध्यक्ष डॉ. माधवराव चितळे. त्यांचे शालेय शिक्षण चाळीसगावचे, म्हणजे गिरणेचे दुष्काळ त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. या आयोगाने राज्याची उपखोऱ्यांत विभागणी करून प्रत्येक ठिकाणी दर हेक्टरी किती पाणी निसर्गतः मिळते, ते मांडले. १९६२ च्या बर्वे आयोगापासून ‘किती धरणे बांधता येतील’ असा प्रश्न विचारला जात होता. चितळे आयोगाने ‘मुळात पाणी किती आहे’ हा प्रश्न पुढे आणला. गिरणेचे उपखोरे तुटीचे ठरले. तुटीच्या खोऱ्यात आणखी धरण बांधले तर पाणी वाढत नाही, ते एका गावातून दुसऱ्या गावात जाते, एवढेच. पाणी वाढवायचे तर बाहेरून आणावे लागेल.

बाहेरचे पाणी कुठे आहे, हे सुरगाण्याच्या आणि कळवणच्या माणसाला नेहमीच माहीत होते. केमच्या डोंगरावर पडलेला पाऊस पूर्वेला उतरला तर गिरणेत येतो. तोच पश्चिमेला उतरला तर नार आणि पार या नद्यांत जाऊन गुजरातेत वलसाडजवळ समुद्राला मिळतो. एका बाजूला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, आणि त्याच डोंगराची पाठ ओलांडून धुळ्याकडे यावे तो सहाशेवर आलेला. पश्चिमेचे पाणी पूर्वेला वळवण्याची कल्पना म्हणूनच कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती या भूगोलातूनच आलेली आहे. शेजारी दिंडोरी तालुक्यात मांजरपाड्याच्या वळण योजनेने पश्चिमेकडे जाणारे पाणी बोगद्यातून पुणेगाव धरणात आणून ही गोष्ट होऊ शकते हे दाखवूनही दिले.

नार-पारवर डोळा मात्र आपलाच नव्हता. राष्ट्रीय जलविकास अभिकरणाच्या पार-तापी-नर्मदा जोडयोजनेत हेच पाणी उत्तरेला, गुजरातमधून नर्मदेच्या कालव्यांकडे न्यायचे होते. ३ मे २०१० रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या दोन जोडयोजनांचे सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी सामंजस्य करार झाला. सात धरणे ठरली. झेरी नाशिक जिल्ह्यात, बाकीची वलसाड आणि डांगात. खानदेशात त्यावर खूप चर्चा झाली. नार-पारचे पाणी गुजरातला गेले तर त्याच्या बदल्यात तापी खोऱ्यात, उकाईच्या जलाशयातून पाणी द्यावे अशी मागणी पुढे आली. ही अदलाबदल ऐकायला न्याय्य वाटते. पण उकाईचा फुगवटा नंदुरबार-नवापूरच्या बाजूला आहे आणि गिरणा धरण त्याच्या कितीतरी वर, दूर पूर्वेला. उकाईचे पाणी फार तर नंदुरबारला लागू पडले असते, चाळीसगाव-भडगावच्या कालव्यात ते कधीच आले नसते. पाण्याची भरपाई आकड्यांत होत नाही, उंचीत होते, ही गोष्ट त्या चर्चांत इथल्या अभियंत्यांनी लावून धरली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पुढे डांग-वलसाडच्या आदिवासींनी त्या योजनेविरुद्ध जोरदार आंदोलन केले आणि २०२२ साली गुजरात सरकारने ती सोडून दिल्याचे जाहीर केले.

महाराष्ट्राने २०१९ पासून स्वतःच्या हद्दीतले पाणी स्वतःच्या खर्चाने वळवण्याची दिशा धरली. नार-पार-गिरणा जोड हा त्यातला एक प्रकल्प. निधिवाटपाच्या सूत्रामुळे राज्यपालांची संमती घ्यावी लागली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने ७,०१५ कोटी रुपयांच्या या योजनेला मान्यता दिली. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत नऊ धरणे, तिथले पाणी उपसून वर आणायचे, मग १४.५६ किलोमीटरच्या बोगद्यातून ते चणकापूर धरणाच्या वरच्या अंगाला गिरणेच्या पात्रात सोडायचे. एकूण पाणी ९.१९ टीएमसी. नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या ४९,५१६ हेक्टरांना त्याचा लाभ अपेक्षित आहे. गिरणा धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या जवळजवळ निम्मे पाणी, तेही खोऱ्याबाहेरचे. एवढी भर या नदीत माणसाच्या हाताने यापूर्वी कधी पडलेली नाही.

खर्च हेक्टरी सुमारे चौदा लाख रुपये पडतो. हा आकडा मोठा आहे, आणि तो डोळ्यांआड करू नये. त्यात उपशाच्या विजेचे वार्षिक बिल धरलेले नाही. तापीकाठच्या सहकारी उपसा योजना कशा बंद पडल्या, हे खानदेशाने पाहिले आहे. नदीत पाणी होते, पंप होते, थकलेल्या वीजबिलाने सगळे थांबले. नार-पारच्या उपशाची वीज कोण भरणार, कोणत्या दराने, आणि बिल थकले तर पाणी कुणाचे आधी बंद होणार, हे बोगद्याचा पहिला सुरुंग लागण्याआधी लिहून ठेवायला हवे. सौरऊर्जेची जोड द्यायची असेल तर तिची जागा आणि पैसा आजच आराखड्यात दिसायला हवा.

आता थोडे मागे येऊन महामंडळाने स्वतः हाती घेतलेल्या कामांकडे पाहू. तापीवरचे हतनूर, एकेचाळीस दरवाजांचे, महामंडळाच्या आधीचे, १९८२ सालचे. पूर्णा-तापीच्या संगमाखाली असल्यामुळे त्यात गाळ भरभर येतो आणि साठा घटतो. भुसावळ परिसराचे उद्योग आणि गावांची तहान त्यावर आहे. वाघूर धरण महामंडळाच्या काळात पुरे झाले आणि गिरणेवर अवलंबून असलेल्या जळगाव शहराला तिथून पाणी मिळू लागले, म्हणजे गिरणेवरचा तेवढा भार उतरला. तापीच्या पात्रात सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज झाले. पात्रात पाणी उभे राहिले, पण काठावरच्या शेतापर्यंत ते चढवण्याच्या योजना मागे राहिल्या, आणि कित्येक वर्षे शेतकरी भरलेल्या नदीकडे पाहत कोरडे पेरत राहिले.

यातून शिकूनच सुलवाडे-जामफळ-कनोलीची आखणी झाली. पावसाळ्यात १२४ दिवस तापीचे पुराचे ९.२४ टीएमसी पाणी उपसायचे आणि जामफळ, कनोली या धरणांत साठवून धुळे-शिंदखेड्याच्या शंभर गावांतल्या ३३,३६७ हेक्टरांना द्यायचे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. त्याच कार्यक्रमात निम्न पांझरा, म्हणजे अक्कलपाडा प्रकल्पाचे लोकार्पण झाले. नार-पारच्या लाभात धुळ्याला फारसे स्थान नाही, ही तिथली तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर जामफळमध्ये आहे, आणि म्हणून जामफळचे काम रेंगाळले तर तो एका योजनेपुरता विलंब राहत नाही, धुळ्याने गिरणेच्या वाटणीत वाटा मागण्याचे ते कारण बनते. एका खोऱ्यातल्या योजना अशा एकमेकींना बांधलेल्या असतात.

अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे धरणाचा उल्लेख टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. महामंडळ आणि पाडळसे यांचे वय एकच. १९९७ साली निम्न तापी प्रकल्प १४२ कोटींचा होता. २०२३ च्या अखेरीस सुधारित मान्यता मिळाली ती ४,८९० कोटींची. चौतीस पट. या मधल्या काळात अमळनेरच्या लोकांनी आंदोलने केली, सभा घेतल्या, पत्रे पाठवली, आणि धरणाची आशा सोडली नाही. रोख्यांचा पैसा पहिल्या काही वर्षांत अनेक कामांवर थोडा थोडा पसरला गेला आणि कुठलेच काम वेळेत पुरे होईना, हे राज्यातल्या सगळ्याच महामंडळांचे दुखणे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सिंचनावर श्वेतपत्रिका निघाली, चितळे यांच्याच अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. वाढलेल्या किमती, बदललेले आराखडे, अपुरे भूसंपादन, सगळे चव्हाट्यावर आले. त्या चौकशीची गरज होती. तिचा एक परिणाम मात्र खालच्या शेतकऱ्याला भोगावा लागला, तो म्हणजे सुधारित मान्यतांची वाट पाहत पुरी व्हायला आलेली कामेही थांबली. अशा लेखात हे लिहावे की नाही, असा प्रश्न कुणी विचारील. लिहावे. ज्या संस्थेवर लोकांचे पाणी अवलंबून आहे तिने स्वतःच्या उशिराचा हिशेब आधी मांडावा.

तापी खोऱ्यात महाराष्ट्राचा वाटा १९१.४ टीएमसीचा. तो सगळा अजून वापरात नाही. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की दोन-चार दिवसांत पाणी उकाईत पोहोचते. या पाण्याचा सर्वांत वेगळा विचार सातपुड्याच्या पायथ्याशी झाला आहे. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा आहे, भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. तो पाणी झपाट्याने पितो. केळीच्या बागांनी गेल्या काही दशकांत याच पट्ट्यातले पाणी उपसले आणि विहिरी खोल खोल जात गेल्या. खंडवा आणि अमरावतीच्या सीमेवर खारिया-गुटीघाट येथे बंधारा घालून तापीचे पुराचे पाणी कालव्यांनी या पट्ट्यात आणायचे आणि जमिनीत मुरवायचे, ही महाकाय पुनर्भरण योजना. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी, महाराष्ट्रातल्या २,३४,७०६ आणि मध्य प्रदेशातल्या १,२३,०८२ हेक्टरांसाठी. आधीच्या आराखड्यात मोठे धरण होते आणि त्यात जंगल व गावे बुडत होती. ते बाजूला ठेवून छोटा बंधारा स्वीकारला गेला. जमिनीतच साठवायचे असल्यामुळे बाष्पीभवनाने उडून जाणारे पाणी वाचते. मला ही या खोऱ्यातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. तिला एकच अट आहे. मुरवलेले पाणी पुन्हा कोण किती उपसतो याला मर्यादा नसेल, तर तो साठा सर्वांत खोल कूपनलिकेचा होईल.

गिरणेवर परत येऊ, कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महामंडळाची खरी परीक्षा तिथेच आहे. नार-पारचे पाणी चणकापूरच्या वर पात्रात उतरेल. तिथून जळगाव जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत कळवण, देवळा, बागलाण, मालेगाव, नांदगाव असा सगळा तहानलेला मुलूख आहे. त्या लोकांचा या पाण्यावर हक्क आहे आणि योजनेनेही तो मानला आहे. पण नदीत सोडलेल्या पाण्यावर नाव लिहिलेले नसते. काठावरच्या मोटारी मोजल्या गेल्या नाहीत, तर ९.१९ टीएमसीपैकी गिरणा धरणात किती पोहोचेल हे कुणीही आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंत गिरणेवर सात बलून बंधाऱ्यांची योजना आहे. खाली ते बंधारे फुगले तरी वरून पाणीच आले नाही तर ते रिकामेच राहतील. पांझरेच्या फडांचे जे झाले ते गिरणेच्या टेलला होऊ नये.

आणि या सगळ्याच्याही आधी सुरगाणा. नऊ धरणे तिथल्या आदिवासींच्या जमिनीवर होणार. भरपूर पाऊस पडणाऱ्या याच तालुक्यात उन्हाळ्यात बायका झऱ्यावर रांग लावून बसतात. डोंगर उतारावरचे पाणी क्षणात वाहून जाते आणि अडवायला काही नाही. ज्यांच्या अंगणातून पाणी निघणार, त्यांना आधी प्यायला आणि भाताच्या खाचराला ते मिळाले नाही, तर ही योजना डांगच्या वाटेने जाईल आणि तसे जाणे चुकीचेही म्हणता येणार नाही. पुनर्वसनाच्या वसाहती बांधून मगच घळभरणी, आणि प्रत्येक धरणाखालच्या पाड्यांसाठी राखीव साठा, हे मान्यतेच्या कागदात ठळक अक्षरांत असायला हवे. खानदेशाने हे सुरगाण्यासाठी मागावे, कारण पाणी आपल्याकडे येणार आहे.

जळगावच्या या कार्यालयाकडे आज नकाशे आहेत, मोजमापाची साधने आहेत, आणि वरचे-खालचे दोन्ही तालुके एकाच छताखाली आहेत. पंचवीस वर्षांहून अधिक काळ खोऱ्याचा हिशेब ठेवलेली माणसे इथे घडली आहेत. त्यांच्याकडे माझे एक आर्जव आहे. नार-पारचे पाणी येण्याची वाट न पाहता आताच एक तक्ता तयार करावा. भरपूर पावसाच्या वर्षी, मध्यम वर्षी आणि दुष्काळी वर्षी सुरगाण्याच्या पाड्यांना किती, कळवण-बागलाणला किती, मालेगाव-नांदगावच्या पिण्याला किती, आणि जामदा, पांझण, निम्न गिरणा या कालव्यांना किती, हे त्यात दशलक्ष घनफुटांत लिहावे. पात्रात ठिकठिकाणी प्रवाहमापक बसवून रोजचे आकडे त्याच्या शेजारी द्यावेत. हा तक्ता सुरगाण्यापासून धरणगावपर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा, आणि त्यावर हरकती घ्यायला प्रत्येक गावाला वेळ द्यावा.